मेट्रोने पाहिलेला ऑस्करचा इतिहास

लॉस एंजेलिसला मुलाकडे गेले होते. हॉलिवूडला जाणारे बहुतेक जण फुटपाथवर कलाकारांच्या नावांनी बसवलेल्या ताऱ्यांचे फोटो काढून परततात. मला ऑस्करचा सोहळा वेगवेगळ्या काळात जिथे जिथे झाला, त्या जागा बघायच्या होत्या, त्याही गाडीशिवाय. मेट्रोच्या एकाच लाइनवर हे जमतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

स्टेशनातल्या मशीनवर टॅप कार्ड घ्यायचं. कार्डाचे २ डॉलर वेगळे, भाडं १.७५ डॉलर. दिवसभर फिरलात तरी ५ डॉलरच्या वर भाडं कापलं जात नाही.

बी लाइनने हॉलिवूड/हायलँडला उतरले. रस्ता ओलांडला की थोड्या अंतरावर रूझवेल्ट हॉटेल. बाहेर फुटपाथवर ऐतिहासिक स्थळाची पाटी आहे, पण तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. सगळ्यांच्या माना खाली, ताऱ्यांवरची नावं शोधण्यात. पाटी वाचायला उभी राहिले, तर मागून गर्दीचा रेटा आणि बाजूला स्पायडरमॅनच्या वेशातला एक मुलगा फोटोसाठी मागे लागलेला. मी हटले नाही. पहिला ऑस्कर सोहळा १६ मे १९२९ रोजी याच हॉटेलच्या ब्लॉसम रूममध्ये झाला. पाहुणे सुमारे २७०, तिकीट ५ डॉलर आणि बक्षीस वाटप १५ मिनिटांत आटोपलेलं! आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभालाही याहून जास्त वेळ लागायचा. विजेत्यांची नावं तर तीन महिने आधीच जाहीर झाली होती. सर्वोत्कृष्ट अभिनेता एमिल यानिंग्स आपली ऑस्करची बाहुली आधीच घेऊन युरोपला निघून गेला होता.

त्या तारखेपाशी मी जास्त रेंगाळले, कारण तिच्या अठराच दिवस आधी, २८ एप्रिल १९२९ ला, कोल्हापुरात भानुमती राजोपाध्ये जन्मल्या होत्या. पुढे आपण त्यांना चित्रपटांच्या वेशभूषाकार भानू अथैया म्हणून ओळखू लागलो.

समोरच्या डॉल्बी थिएटरमध्ये २००२ पासून सोहळा होतो. आतल्या खांबांवर दर वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नाव कोरलंय आणि पुढच्या वर्षांसाठी जागा कोऱ्या ठेवल्यात. ही कल्पना मला फार आवडली. पुढचं स्टेशन हॉलिवूड/व्हाइन. तिथलं पँटेजेस थिएटर बाहेरूनच पाहिलं. १९५० ते १९६० सोहळे इथे झाले आणि १९५३ चा तर पहिल्यांदाच टीव्हीवर दिसला.

मग थेट डाउनटाउन. सिव्हिक सेंटर स्टेशनवरून थोडा चढ चढला की डोरोथी चँडलर पॅव्हिलियन हे सभागृह. इथे ११ एप्रिल १९८३ रोजी ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी भानूताईंना जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ज्या मुलीने वडिलांना घरी चित्रं काढताना पाहिलं, मग मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतलं, ती इथल्या मंचावर उभी राहिली. नीट जपली जावी म्हणून ती बाहुली त्यांनी २०१२ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडे परत सोपवली. आपलं काम इतकं मनापासून जपणारी माणसं विरळाच.

चौकात, पायऱ्यांपाशी, बाहेरच्या फुटपाथवर त्यांचं नाव शोधलं. मला कुठे दिसलं नाही. वाईट वाटलं. रूझवेल्टबाहेर पाटी लागू शकते, तर इथेही एक लागायला हवी, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

शेवटचं स्टेशन युनियन स्टेशन. करोनाच्या काळात, २०२१ चा मुख्य सोहळा चक्क या रेल्वे स्थानकात झाला होता.

लॉस एंजेलिसमधल्या मराठी मंडळींपैकी कुणाला अशी पाटी लावायची परवानगी कुठे मागतात हे ठाऊक असेल, तर मला जरूर कळवा. पाटीचा मजकूर मी मराठीत आणि इंग्रजीत लिहून तयार ठेवलाय.