पाणी स्वच्छ आलं त्या दिवशी

"पाठीतलं पाणी काढलं की लेकरू लुळं होते म्हनतात," म्हणून आई पहिल्यांदा सहीच करेना. सात वर्षांची पोर, दोन दिवस ताप, मग झटके, आणि हाक मारली तरी ओळख नाही. नागपूरला पावसाळ्यात असं मूल आलं की आमच्या डोक्यात आधी चांदीपुरा, मेंदूला सूज आणणारा विषाणू, येतो. १९६५ साली तो विषाणू इथल्याच गावात सापडला, गावाचंच नाव त्याला मिळालं.

पहिल्या पाण्यात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, पेशी जेमतेम चार, प्रथिनं ठीक, हर्पिस विषाणूची पीसीआर निगेटिव्ह. पण झटके फक्त उजव्या हाताला येत होते, म्हणजे मेंदूची एकच बाजू बिघडलेली, आणि हर्पिस बहुधा असंच करतो, म्हणून सरांनी हर्पिसवरचं औषध असायक्लोव्हिर थांबवू दिलं नाही. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत ही पीसीआर हुकू शकते. चौथ्या दिवशी पुन्हा पाणी काढलं, तर पेशी १२०, बहुतेक लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी, आणि पीसीआर पॉझिटिव्ह. एमआरआयमध्ये डाव्या कानशिलाआडचा मेंदू सुजलेला दिसला.

एकविसाव्या दिवशी तिसऱ्यांदा सुई घातली. थेंब नितळ पडत होते. नळीमागे केसपेपर धरला, तर त्यावरची छापील अक्षरं लख्ख वाचता आली. दुपारी रिपोर्ट आला: पेशी सहा, पीसीआर निगेटिव्ह. मी जवळजवळ धावतच वॉर्डात गेले. "ताई, पाणी साफ आलं, बरी झाली."

आईनं पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग बोलून काऊन नाही राहिली, मॅडम?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेशी मोजून सूज कळते. सुजेत मज्जातंतू किती तुटले, ते त्या मोजणीत येतच नाही.

आईवडिलांच्या संमतीनं तिन्ही वेळचं थोडं पाणी विभागाच्या अभ्यासासाठी उणे ८० अंशांवर ठेवलेलं होतं. त्याचे आकडे काही महिन्यांनी आले. निओप्टेरिन, म्हणजे इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीच्या प्रथिनाचा इशारा मिळाला की मॅक्रोफेज या संरक्षक पेशी जे सोडतात ते, दुसऱ्या पाण्यात चढून तिसऱ्यात उतरलं होतं. न्यूरोफिलामेंट मात्र पहिल्यात सगळ्यांत कमी आणि तिसऱ्यात सगळ्यांत जास्त. हे प्रथिन मज्जातंतूंच्या आतल्या सांगाड्याचं. तंतू तुटला की ते पाण्यात उतरतं, आणि आठवडे उलटले तरी वाढत राहू शकतं. मी "बरी झाली" म्हणत होते, तेव्हा तिच्या मेंदूतली पडझड त्याच नितळ पाण्यात होती.

तो आकडा तेव्हा हाती असता तरी औषध बदललं नसतं, हे मला मान्य आहे. पण आईशी मी वेगळं बोलले असते, आणि स्पीच थेरपीसाठी चिठ्ठी डिस्चार्जच्या दिवसापर्यंत लांबली नसती. रोजच्या तपासणीच्या फॉर्मवर पेशी, साखर, प्रथिनं यांचे रकाने आहेत, न्यूरोफिलामेंटचा नाही. तो यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

सहा महिन्यांनी ती ओपीडीत आली. आईला "आई" म्हणाली. मी टेबलावरचं पेन उचलून विचारलं, हे काय? तिनं बराच वेळ पाहिलं, हवेत बोटानं रेघ ओढली आणि म्हणाली, "असं असं करते ते."