वाळवंटातले सप्टेंबर
अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या आमच्या वास्तव्यात सप्टेंबरची वाट दिवाळीसारखी पाहिली जाई, कारण त्या महिन्यात अरालुएन कला केंद्रात ‘डेझर्ट मॉब’ भरत असे. मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासींची स्वतःच्या मालकीची कला केंद्रे १९९१ सालापासून या प्रदर्शनासाठी एकत्र येतात. दूरदूरच्या वस्त्यांतून मातीचे रस्ते तुडवून आलेली कुटुंबे आजीचे चित्र भिंतीवर शोधून काढीत आणि नातवंडांसह त्यापुढे उभी राहून फोटो काढून घेत. माझ्या लेखी खरा सोहळा तोच.

पहिल्या वर्षी मी त्या चित्रांत फक्त रंग पाहिले. पुढे कळले, की एकात एक वर्तुळे बहुधा पाणवठा किंवा मुक्कामाची जागा दाखवतात आणि इंग्रजी ‘यू’सारखी खूण म्हणजे बसलेला माणूस, कारण तो उठून गेल्यावर वाळूत तसाच ठसा उरतो. बायका मुलांना गोष्ट सांगताना अशाच खुणा बोटाने वाळूत उमटवतात. १९७१ साली पापुन्या या वाळवंटातल्या आदिवासी वस्तीत शाळेच्या भिंतीवर तिथल्या पुरुषांनी मधमुंग्यांची कथा रंगवली, ती याच परंपरेतून. कोणती कथा कोणी रंगवावी हे नाते आणि भूमी यांवरून ठरते, म्हणून ‘हे कसले चित्र’ याआधी ‘ही कोणाची भूमी’ असे विचारायला मी तिथे शिकले. डहाणूला माझ्या माहेरी वारल्यांच्या लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक काढत नाहीत, ‘लिहितात’. त्या शब्दाचा अर्थ मला इतक्या दूर जाऊन उमगला.

प्रदर्शनाला जोडून बाजार भरे. तिथे ‘जान्पी’च्या, म्हणजे सुक्या गवताच्या, टोपल्या विणणाऱ्या एका वृद्ध बाईंना सगळे आदराने आंटी म्हणत. त्यांनी माझ्या सहा वर्षांच्या लेकीला जवळ बसवले, गवताची जुडी वळून तिच्या हातात सुई दिली, आणि टाका सैल पडला की काही न बोलता तो उसवून सुई पुन्हा तिच्याच हाती ठेवली. पुढच्या वर्षी लेक तीच अर्धवट टोपली घेऊन त्यांच्याशेजारी बसली, आणि मग दरवर्षी.

ती टोपली आता आमच्याकडे आहे. तिचे तळाचे टाके सैल आहेत, काठाचे घट्ट, आणि मधल्या एका वेढ्यात, दोरा संपला तेव्हा आंटींनी स्वतःच्या लोकरी टोपीतून उपसून दिलेला लाल धागा आहे.