दहावा कुठे गेला?

सकाळी सहा नंबरचा वाडगा सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि धस्स झालं. आत कुठलातरी परका प्राणी शिरला होता. पुढे दोन नांग्या, मागे ताठ शेपटी, अंगाच्या मानाने अवाढव्य डोळे, आणि नांगीत आमचाच एक डिंभक, म्हणजे अंड्यातून निघालेलं खेकड्याचं पिल्लू, धरून तो सावकाश खात होता.

छोट्या खेकड्यांचे डिंभक वाढवायची ती माझी पहिलीच खेप. अंडीवाली मादी आणली तेव्हा तिच्या पोटाखालची अंडी नारिंगी होती. मग आतले डोळे दिसू लागले, अंडी काळपट झाली आणि एका रात्री वाडग्यात उजेडाकडे धावणारे शेकडो ठिपके सुटले. हेच झोइया. पाठीवर एक लांब काटा, नाकावर एक. खेकड्याशी साम्य काडीचं नाही. एकेका वाडग्यात दहा-दहा ठेवले. रोज पाणी बदलायचं, आर्टेमिया या बारीक कोळंबीसारख्या जीवाची पिल्लं खायला घालायची आणि मोजदाद करायची. मोजदाद सगळ्यात कंटाळवाणी.

तो पंधरावा दिवस होता. पाणी गाळायचा फिल्टर फाटला असणार, अशी माझी खात्रीच पटली. ड्रॉपरने तो घुसखोर उचलला आणि टाकाऊ पाण्याच्या बादलीत सोडला. वहीत लिहिलं: जिवंत 7, मृत 3.

मॅडमनी वही पाहिली. "तिघेही खाल्लेले होते?"

"दोन अर्धवट खाल्लेले. तिसरा अख्खा आहे, पण मेलाय."

"तो तिसरा दाखव बघू."

काचपट्टीवर घेतला. काटे जागच्या जागी होते. पोहायच्या पायांवरचे लांब केस मी मोजले, दहा भरले. पहिल्या अवस्थेत चार असतात, मग सहा, आठ. दहा म्हणजे या जातीची चौथी, शेवटची झोइया. पण डोळ्यांच्या जागी काळं काहीच नव्हतं. नुसत्या दोन पारदर्शक टोप्या.

"अगं, ही कात आहे. मग दहावा कुठे गेला?"

मी काही न बोलता बादलीकडे पाहिलं.

पाऊण तास बॅटरी घेऊन बादली तपासली. सापडला तो तळाच्या कडेला, प्लास्टिकला घट्ट धरून. मेगॅलोपा, म्हणजे झोइयानंतरची, नांग्या आलेली अवस्था. मी शोधत असताना मॅडम मागून सांगत होत्या, की झोइया हा वेगळाच प्राणी समजून बॉस्क या फ्रेंच अभ्यासकाने 1802 मध्ये त्याला स्वतंत्र प्रजातीचं नाव दिलं होतं, मेगॅलोपाचंही पुढे तेच झालं. जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी डॉक्टरने आयर्लंडमध्ये झोइया पाळून पाहिले आणि 1828 मध्ये ही खेकड्याचीच पोरं आहेत असं छापलं, तर कित्येकांना ते पटेना. हे त्यांनी मला दिलासा म्हणून सांगितलं की टोमणा म्हणून, ते अजून कळलेलं नाही.

नांग्या आल्या की भावंडं म्हणजे आयतं खाणं. त्यामुळे दिवसभर एकेक वाडगा पाहत, बदललेला प्रत्येक जण वेगळा काढत बसले. दोन वाडग्यांपर्यंत पोचायला मला उशीरच झाला.

बादलीतल्या त्या पठ्ठ्याने सहाव्या दिवशी पुन्हा कात टाकली. आता शेपटी पोटाखाली दुमडलेली, आणि पोहणं सोडून तो तळावर तिरका चालत होता. अंगाने दोन मिलिमीटरही नव्हता. मी ड्रॉपर जवळ नेला, तर त्याने नांग्या उगारल्या.