चाहूल

आमच्या जुन्या वाड्यातल्या लाकडी जिन्याची चौथी पायरी करकरायची. ती करकरली की आजी हातातली मेथीची जुडी बाजूला सारून चहाचं आधण ठेवायची. "कोण आलं गं?" असं विचारलं तर म्हणायची, "कोण ते ठाऊक नाही, पण चहाला आलंय." येणारा दारात चपला काढेस्तोवर आलं ठेचून झालेलं असायचं.

'चाहूल' हा शब्द मला त्या पायरीने शिकवला. मुळात तो कानाचा शब्द. कुणी येत असल्याचा पुसटसा आवाज. आणि गंमत म्हणजे चाहूल लागते. तहान लागते, ठेच लागते, तशी. आपण काही करायचं नसतं. मुद्दाम कान टवकारले तर मग ती घ्यायची असते. मांजर घेतं, चोर घेतो. तिच्या भावकीतले बाकीचे शब्द वेगळ्या कामाचे. सुगावा गुपिताचा, कुणकुण बातमीची, मागमूस गेलेल्याचा, आणि तोही बहुधा 'नाही' म्हणण्यापुरता. नांदी तर नाटकाच्या आरंभीचं मंगल गाणं. तिला 'संकटाची नांदी' करून आपण बिचारीला कुठे नेऊन बसवलंय!

वर्तमानपत्रांनी चाहुलीला ऋतू वाटून दिले. ऑक्टोबर सरता सरता 'थंडीची चाहूल' हा मथळा येतोच, खाली शेकोटीचा फोटो. माझ्यापुरती थंडी येते ती तिबेटी स्वेटरवाल्यांनी फुटपाथला दुकानं मांडली की. पण ते डोळ्यांना दिसतं, त्याला लक्षण म्हणावं. बहावा पिवळाधम्मक लटकतो, मुंग्या अंडी तोंडात धरून भिंत चढतात, हीही पावसाची लक्षणंच. पावशा 'पेर्ते व्हा' ओरडू लागतो, ती मात्र चाहूल. (हा भेद माझा, कोशकारांनी रागावू नये.) हवामान खात्याच्या तक्त्यात मोसमी पाऊस केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला यायचा असतो. पावशाने तो तक्ता पाहिलेला नाही.

आता आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. लिफ्टला चौथी पायरी नसते. पाहुणे निघतानाच लोकेशन पाठवतात. त्यांचा ठिपका सिग्नलला थांबलेलाही दिसतो. परवा त्या ठिपक्याकडे मी इतका टक लावून बसलो की बेल वाजली तेव्हा दूध उतू जाऊन गॅस विझला होता.