बाबांचा शेवगा आणि आमची कीफर

अंगणातल्या झाडाचा शेंडा उडवायला मी झाडं छाटणारा एक माणूस बोलावला होता. त्या माणसाने जमिनीपासून 1 मीटर 30 सेंटिमीटरवर बुंध्याला फीत लावली, 146 सेंटिमीटर हा आकडा वाचला आणि म्हणाला, "शेंडा विसरा."

बर्लिनमध्ये 80 सेंटिमीटरच्या पुढे घेर असलेल्या बहुतेक झाडांना कायद्याचं संरक्षण असतं. सूचीपर्णी झाडांमध्ये तो मान फक्त कीफरला, म्हणजे इथल्या पाइनला. आणि आमच्या अंगणात नेमकी तीच! घर आमचं, कर्ज आमचं, पन्हळीत अडकणाऱ्या सुया आमच्या. झाड मात्र शहराचं. मी जाम वैतागले.

व्हिडिओ कॉलवर बाबांनी सांगलीतून लगेच निकाल दिला, "एक गडी बोलव, अर्ध्यातून उडव." ते दरवर्षी शेवगा छातीएवढा छाटतात आणि पावसाळ्यात तो पुन्हा फणफणून वर येतो. मलाही तेच अपेक्षित होतं.

त्या माणसाने एक खालची फांदी वाकवून दाखवली. टोकाला वीतभर हिरव्या सुया, दोन-दोनच्या जोडीने. त्यामागे सगळं उघडं लाकूड. "सुयांच्या मागे कापलं की ही फांदी संपली," तो म्हणाला. त्या जुन्या लाकडात फुटायला डोळेच उरलेले नसतात. शेंडा उडवला तर बाजूच्या फांद्या वर वळून शेंडा व्हायला भांडतात, त्यांचे जोड कच्चे राहतात, कापलेल्या जागी कूज शिरते आणि वादळात तेच आधी मोडतं. पाइन लहान ठेवायचं असेल तर ते लहान असतानाच. वसंतात नवे कोंब मेणबत्त्यांसारखे उभे राहतात, तेव्हा ते निम्मे खुडायचे. जपानी माळी शिडी लावून हे वर्षानुवर्षं करतात. आमचं झाड दुमजली घराच्या वर गेलेलं. कोण खुडणार?

मग काय करता येतं? वाळकं लाकूड काढायचं, छपरावर टेकणाऱ्या एक-दोन फांद्या बुंध्याजवळच्या फुगीर कडेशी कापायच्या, बस. तो दोरावर चढला. बुटांना काटे नव्हते, जिवंत झाडाला भोकं पडतात म्हणून. वर साल नारिंगी होत जाते, हे मला इतक्या वर्षांत प्रथमच दिसलं.

तेवढ्यात माझा अभिमान जागा झाला. मी त्याला ऐकवलं की महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी कायदा 1975 पासून आहे, बर्लिनचा 1982 चा! तो मनापासून खूश झाला. पावसाळ्याआधी आमच्या गल्लीतले गुलमोहर तारांखाली कसे बोडके होतात, ते मात्र मी सांगितलं नाही. तारा तुटून लोक मरतात, तेही खरं आहे ना.

बाबांनी बिलाचा आकडा ऐकला. "म्हणजे एवढे पैसे देऊन झाड आहे तेवढंच ठेवलंस?"

रविवारी पन्हळ साफ करायची आहे. शिडी शेजारच्या आजोबांची.