साकोली-अर्जुनी पट्ट्यातली कार्प हॅचरी: बघायला आणि जिरे (माशांची तीनेक दिवसांची पिल्लं) आणायला जाणाऱ्यांसाठी

कार्प माशांचं, म्हणजे रोहू-कटला-मृगळ यांचं, प्रेरित प्रजनन (संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावणं) डोळ्यांनी बघायचं असेल तर भंडारा-गोंदियाच्या तलावपट्ट्यात आर्द्रा ते पुष्य या नक्षत्रांत जावं, म्हणजे जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैअखेर. त्याआधी पाणी तापलेलं असतं. ऑगस्ट सरत आला की माद्यांच्या पोटातली अंडी जिरायला लागतात. निघण्याआधी हॅचरीवाल्याला फोनवर एवढंच विचारा की इंजेक्शन कोणत्या संध्याकाळी आहे. पुढचं सगळं घड्याळ तिथून चालू होतं. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत पोहोचा आणि रात्र तिथेच काढा. सकाळी येऊन दुपारी परतणाऱ्याला फक्त गोल फिरणारं पाणी दिसतं.

नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ५३ने भंडारा, लाखनी, साकोली असं यायचं. पुढे कोहमारा फाट्यावरून नवेगावबांधमार्गे अर्जुनी मोरगाव. रेल्वेने यायचं तर गोंदिया-बल्लारशा मार्गावर अर्जुनी आणि वडसा ही स्टेशनं आहेत. रस्त्याचा बराच भाग जंगलातून जातो, पावसात नाले भरतात, म्हणून डिझेल-पेट्रोल आणि जिरे आणायच्या पिशव्यांसाठीचा ऑक्सिजन याची सोय महामार्गावरच करून ठेवा.

हा मुलूख मामा तलावांचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव, आणि त्यांत मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या सहकारी संस्था. रोहू, कटला, मृगळ या तलावांत झपाट्याने वाढतात, पोटात अंडीही धरतात, पण साचलेल्या पाण्यात ती सोडत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. पूर आला की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी संप्रेरक सोडते आणि मादी अंडी टाकते. तलावात तो इशारा मिळत नाही, म्हणून तो इंजेक्शनने द्यायचा. भारतात हे पहिल्यांदा साधलं ते १० जुलै १९५७ रोजी, ओडिशातल्या अंगुल इथे, डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. म्हणूनच १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. त्याआधी बीज, म्हणजे तलावात सोडायची पिल्लं, म्हटलं की बंगालच्या नद्यांतून गोळा करून रेल्वेने आणलेलं, आणि त्यात कोणकोणत्या जाती निघतील याचा भरवसा नसलेलं.

दुपारी पोहोचल्यावर सगळ्यात आधी प्रजनकांची, म्हणजे प्रजननासाठी राखलेल्या नर-माद्यांची, निवड बघा. आमच्या मते हॅचरीची लायकी इथेच कळते, इंजेक्शन तर कुणीही टोचू शकतो. मासा ओल्या कापडात धरतात, डोकं झाकतात आणि छातीच्या पराच्या आतल्या बाजूवर अंगठा फिरवतात. "खरबड लागला तं नर, बुळबुळीत लागली तं मादी," असं तिथले ढिवर सांगतात. तयार नराचं पोट शेपटीकडे हलकं दाबलं की दुधासारखा दाट द्रव येतो. पाण्यासारखा पातळ आला तर तो नर बाजूला ठेवावा. मादीचं पोट मऊ आणि दोन्ही बाजूंनी सारखं फुगलेलं हवं, गुदद्वार गुलाबी आणि किंचित बाहेर आलेलं. नुसत्या फुगलेल्या पोटावर जाऊ नका, भरपेट खाल्लेला मासाही तसाच दिसतो. म्हणून आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवतात. वय दोन ते चार वर्षं, वजन दोन ते पाच किलो हे चांगलं. कटला उशिरा पिकतो, त्याला तिसरं वर्ष लागू द्यावं.

प्रजनक तळ्यात हेक्टरी १,००० ते २,००० किलोपेक्षा जास्त मासा नको, आणि हंगामाआधी दोन-तीन महिने नर-माद्या वेगळ्या ठेवलेल्या असाव्यात. हे झालं नसेल तर मात्रा कितीही वाढवा, मादी अंडी अडवून धरते आणि दोन-तीन दिवसांत मरते.

मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे प्रत्येक मासा जाळीच्या पिशवीत घालून काट्यावर तोललाच पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या तयार संप्रेरकाची, म्हणजे ओव्हाप्रिमसारख्या औषधाची, मात्रा मादीला किलोमागे अशी: मृगळ ०.२५ ते ०.३ मिली, रोहू ०.३ ते ०.४, कटला ०.४ ते ०.५. नराला ०.१ ते ०.२ पुरे. अडीच किलोची रोहू मादी म्हणजे ०.४ दराने बरोबर १ मिली. दोन किलोचा नर ०.१५ दराने ०.३ मिली. हे एकाच वेळी, दोघांना एकदाच. जुन्या पद्धतीने पिट्युटरीचा अर्क वापरत असतील तर मादीला दोनदा टोचावं लागतं: आधी किलोमागे २-३ मिलिग्रॅम, सहा तासांनी ५-८ मिलिग्रॅम, आणि नराला त्या दुसऱ्या वेळीच २-३ मिलिग्रॅम. तयार औषधाने एक हाताळणी वाचते आणि उन्हाळलेल्या माशाला तेवढाच कमी त्रास होतो.

सुई १ ते ३ किलोच्या माशाला २२ नंबरची, त्याहून मोठ्याला १९ नंबरची. जागा शेपटीच्या मुळाशी किंवा पाठीच्या पराखाली, पार्श्वरेषेच्या (कुशीवरून डोक्यापासून शेपटीकडे जाणाऱ्या रेषेच्या) वर. सुई खवल्याखाली सरकवून ४५ अंशांत आत न्यायची, औषध सावकाश सोडायचं, बाहेर काढताना बोटाने जागा दाबून चोळायची. घाईत सुई ओढली की औषध थेंबाने बाहेर येतं, आणि ती मादी रात्री का बसून राहिली हे कुणाला कळत नाही.

इंजेक्शन संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान. मग मासे प्रजनन टाकीत. चिनी पद्धतीची नेहमीची गोल टाकी ८ मीटर व्यासाची, साधारण ५० घनमीटर पाण्याची असते. तीत नर-माद्या मिळून सव्वाशे-दीडशे किलो मासा मावतो. वजनाने नर-मादी सारखे, किंवा एका मादीमागे दोन नर. तोट्या भिंतीलगत तिरक्या बसवलेल्या असतात, त्यामुळे पाणी गोल फिरतं, आणि वरून फवारा सोडतात तो पावसाच्या जागी. आठ ते बारा तासांनी, म्हणजे बहुतेक पहाटे, नर माद्यांना ढुशा द्यायला लागतात आणि पाणी उसळतं. त्या वेळी टॉर्च मारू नका, काठावर मोठ्याने बोलू नका, जाळं तर घालूच नका. पाण्याचं तापमान २६ ते ३० अंश असेल तर वेळ चुकत नाही. पाऊस ताणला आणि पाणी ३२च्या वर गेलं तर त्या रात्रीचं काम पुढे ढकलणारा हॅचरीवाला शहाणा समजावा. त्याच्याशी वाद घालू नये. तापलेल्या पाण्यात अंडी पडली तरी पिल्लं वाकडी निघतात.

एका गोष्टीकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. काही ठिकाणी जागा आणि पाणी वाचवायला रोहू आणि कटला एकाच टाकीत एकाच रात्री सोडतात. वाहत्या पाण्यात अंडी आणि नराचा द्रव एकत्र फिरतात आणि संकर तयार होतो. असं बीज शुद्ध म्हणून तलावात गेलं आणि त्याचेच पुढे प्रजनक झाले तर दर पिढीत घाण वाढत जाते. बाप-लेक, भाऊ-बहीण यांच्यातलं प्रजनन हाही असाच मुकाट्याने होणारा तोटा. प्रजनक कुठून आणले आणि शेवटचे बाहेरचे मासे कधी घेतले, हे स्पष्ट विचारा. एका रात्री एकच जात आणि दर काही वर्षांनी बाहेरचे प्रजनक, एवढं पाळणाऱ्याकडूनच बीज घ्यावं.

सकाळी अंडी नळातून उबवण टाकीत येतात. पाण्यात आल्यावर ती फुगून ४-५ मिलिमीटरची, साबुदाण्यासारखी पारदर्शक होतात. पांढऱ्या ताटलीत शंभरेक अंडी घेऊन मोजा. फळलेलं अंडं काचेसारखं, आत ठिपका. न फळलेलं दुधी. दुधी अंड्यांवर बुरशी चढते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांनाही धरते. उबवण टाकीत घनमीटरला ७ लाखांपर्यंत अंडी ठेवतात.

इथे पाण्याचा वेग हेच सगळं काम. पहिले बारा तास सेकंदाला ०.४ ते ०.५ मीटर, म्हणजे अंडी तळाशी बसत नाहीत. पिल्लं फुटायच्या वेळी, पुढचे सहा तास, ०.१ ते ०.२, नाहीतर नाजूक पिल्लं जाळीवर आपटतात. नंतर जिरे काढेपर्यंत ०.३ ते ०.४. यंत्राची गरज नाही: साडेतीन मीटर व्यासाच्या टाकीत भिंतीलगत सागाच्या पानाचा तुकडा सोडा. घेर अकरा मीटरचा. तुकडा पंचवीस सेकंदांत फेरी मारून आला तर पहिल्या टप्प्याचा वेग बरोबर, सव्वा मिनिट लागलं तर दुसऱ्या टप्प्याचा.

अंडी १४ ते १८ तासांत फुटतात, आणि त्यानंतरचे दोन-तीन तास हॅचरीतले सगळ्यात धोक्याचे. फुटलेली टरफलं आतल्या गोल जाळीवर चिकटतात, भोकं बुजतात, पाण्याची पातळी चढते आणि जाळीच्या वरून पिल्लं मधल्या नळात वाहून जातात. म्हणून एक माणूस मऊ ब्रश घेऊन जाळी सतत पुसत असायला हवा. रात्रीच्या वेळी तो झोपला तर लाखो पिल्लं गेली. असा माणूस नेमलेला दिसला नाही तर तिथलं बीज घेण्याआधी दोनदा विचार करा.

पाणी कुठलं, हेही बघा. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि इकडे बऱ्याच जागी लोह जास्त. ते उंचावरून फवारून, टाकीत मुरवून मगच वापरावं, नाहीतर अंड्यांवर तांबूस थर बसतो. तलावाच्या पाण्यात ऑक्सिजन असतो, पण सायक्लॉप्ससारखे सूक्ष्म प्राणीही असतात आणि ते नवजात पिल्लांना फाडतात. बारीक कापडी जाळीतून गाळल्याशिवाय ते आत येता कामा नये. पहिल्या मोठ्या पावसानंतर येणारं गढूळ पाणी एक-दोन दिवस निवळू द्यावं.

आणि वीज. खेड्यात पावसाळी रात्री ती जाणारच. वरच्या टाकीची क्षमता आणि एका उबवण टाकीचा प्रवाह विचारा आणि तिथेच हिशोब करा: ३०,००० लिटरची टाकी, सेकंदाला अडीच लिटर प्रवाह, तर पाणी तीन तास वीस मिनिटं पुरेल. जनरेटर त्याआधी सुरू व्हायला हवा.

जिरे घ्यायला फुटल्यापासून तिसरा दिवस उलटू द्या. ७२ तासांत पोटाखालची पिवळी पिशवी संपते आणि पिल्लू तोंडाने खायला लागतं. गिऱ्हाईक घाई करतं म्हणून काही जण त्याआधीच देतात. अशा जिऱ्यांपैकी बरेच वाटेतच जातात. ताटलीत पाणी गोल ढवळून बघा. धडधाकट जिरे प्रवाहाच्या उलट पोहतात, कमजोर मधोमध गोळा होतात. मोजणी वाटीने होते: पाणी निथळलेल्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५०० जिरे. पहिली वाटी तुमच्यासमोर मोजायला लावा. त्यात संकोच नको, सगळेच जाणकार मोजून घेतात.

१८-२० लिटरच्या प्लास्टिक पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी ऑक्सिजन, आणि २० ते २५ हजार जिरे. असे १० ते १२ तास निभतात. प्रवास रात्री किंवा पहाटे करा, पिशव्या ओल्या गोणपाटाने झाका, गाडी उन्हात उभी करू नका.

जिरे वाढवायचं तुमचं संगोपन तळं मात्र निघण्याआधी तीन आठवडे तयार करायला घ्यायचं असतं. १० गुंठ्यांच्या, मीटरभर पाण्याच्या तळ्याला २५० किलो मोहाची ढेप: मरळ-मागूरसारखे खाऊ मासे मरतात, आणि पुढे तीच ढेप खत होते. तिचा विषार उतरायला दोन-तीन आठवडे लागतात. नंतर २० ते २५ किलो चुना, मग ५०० किलो शेण. सोडण्याच्या आदल्या दिवशी १.८ किलो साबण आणि ५.६ किलो खाद्यतेल गरम पाण्यात फेटून पृष्ठभागावर पसरा. पाणकिडे श्वास घ्यायला वर येतात, त्यांना तवंग आडवा येतो आणि ते मरतात. वारा असेल तर हे करू नका, तवंग एका काठाला जमा होतो.

एवढ्या तळ्यात ३ ते ५ लाख जिरे. संध्याकाळी पिशव्या पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि जिरे आपणहून बाहेर जाऊ द्या. दुसऱ्या दिवसापासून शेंगदाण्याची ढेप आणि भाताचा कोंडा सारख्या वजनाने, बारीक चाळून: पहिले पाच दिवस लाखामागे रोज ६०० ग्रॅम, नंतर १,२०० ग्रॅम. पंधरा ते वीस दिवसांत २०-२५ मिलिमीटरचं बीज होतं. ३ लाखांतून लाखभर हाती लागलं तर संगोपन चांगलं झालं असं धरा. बीज काढण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद.