डी-एसरने खाल्लेला ‘च’

रॅप घरी मिक्स करायचा म्हटलं की जो तो कंप्रेसरची भीती घालतो. मला कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून पातळी एकसारखी करणारं प्लगिन, मुकाट वश झाला. जीव काढला तो डी-एसरने, म्हणजे ‘स’, ‘श’चा टोचणारा आवाज दाबणाऱ्या प्लगिनने.

सुरुवात एका स्टुडिओपासून झाली. तासावर पैसे घेऊन त्यांनी माझा व्हर्स (रॅपचं कडवं) मिक्स करून दिला, त्यात ‘चाळ’चं ‘थाळ’ आणि ‘सकाळ’चं ‘थकाळ’ झालेलं. विचारलं तर इंजिनिअर म्हणतो, “भावा, तुझा उच्चारच तसा आहे.” रॉ टेक, म्हणजे मिक्स न केलेलं रेकॉर्डिंग, माझ्या फोनमध्ये होता, तो ऐकवला. मग म्हणे, “बीटवर बसल्यावर कळत नाही.” रॅपमध्ये शब्द कळले नाहीत तर उरतं काय?

म्हणून स्वतःच बसलो. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, ते घेतलं. पंखा बंद, मागे गोधडी टांगलेली, लेव्हल −१० डीबीच्या आसपास. ९० हर्ट्झखालचं कापलं, ३०० च्या आसपासचा घुमा थोडा कमी केला, ४:१ वर कंप्रेसर लावला. इथपर्यंत काहीच अडलं नाही.

आणि मग प्रत्येक ‘स’ सुईसारखा टोचायला लागला.

कारण साधं आहे. स्वरांमध्ये ताकद जास्त, म्हणून कंप्रेसर त्यांना दाबतो. ‘स’ मात्र थ्रेशोल्डच्या (ज्या पातळीवर कंप्रेसर दाबायला लागतो तिच्या) खालून निसटतो. मग दाबलेला आवाज भरून काढायला मेकअप गेनने सगळंच वर उचललं की ‘स’ सगळ्यांच्या डोक्यावर. त्यात चमक यावी म्हणून १० किलोहर्ट्झला बूस्ट दिला, की संपलंच.

डी-एसरचा तयार प्रीसेट लावला तर हुबेहूब स्टुडिओवाला ‘थ’ हजर! तेव्हा व्हर्स लूपवर टाकून स्पेक्ट्रम बघत बसलो. माझा ‘स’ ७ किलोहर्ट्झच्या वर पसरलेला, ‘श’ खाली ३-४ पासूनच सुरू. प्रीसेट दोघांना एकाच काठीने हाकत होता. त्यात आपला ‘चाळ’, ‘चूक’, ‘जोर’मधला दंत्य उच्चार. आधी छोटा अडथळा, मग जेमतेम क्षणभराचा ‘स’सारखा घर्षणाचा आवाज, लगेच पुढचा स्वर. रिलीज (दाबणं सोडायला लागणारा वेळ) संथ असेल तर डी-एसर त्या स्वरावरही बसून राहतो. फास्ट फ्लोमध्ये तर अख्खी ओळ बोबडी होते. घरचे दाराबाहेरून विचारायचे, “अरे, तेच तेच काय ऐकतोयस?” काय सांगणार, ‘च’ शोधतोय म्हणून?

शेवटी उपाय निघाला तो हमालीचाच. कंप्रेसरच्या आधी, क्लिपवरच, टोचणारा प्रत्येक ‘स’ वेगळा कापून ३-४ डीबी खाली आणला. ‘च’ना हातच लावला नाही. कंटाळवाणं काम आहे, पण १६ बारचा, म्हणजे साधारण १६ ओळींचा, व्हर्स असतो किती मोठा? त्यानंतर डी-एसर ६.५ किलोहर्ट्झच्या वर, रिलीज जलद, आणि दाबायचं जास्तीत जास्त २-३ डीबी. थ्रेशोल्ड सगळ्यात वाईट ओळीवर लावायचा, बाकीच्या ओळींवर डी-एसर हललाही नाही तर उत्तमच. चमकेचा बूस्ट द्यायचाच असेल तर डी-एसरच्या आधी द्या, म्हणजे त्याने वाढवलेला ‘स’ही पकडला जातो. ‘चाळ’ पहिल्यांदा ‘चाळ’ ऐकू आली तेव्हा खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो.

हे खरं तर आधी सांगायला हवं: माइक तोंडासमोर सरळ धरण्याऐवजी जरा तिरका ठेवा. ‘स’ तिथेच मऊ होतो, ‘प’ आणि ‘भ’चे फटकेही कमी बसतात.

डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (खोलीसारखा घुमणारा आवाज) व्होकलवर थेट लावू नका, सेंडवर, म्हणजे वेगळ्या चॅनलवर, ठेवा. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा, अर्धा ३३३ चा, त्या हिशोबाने डिले लावला की तो बीटमध्ये बसतो. त्या सेंडवरही वरचं कापा, नाहीतर मारलेला ‘स’ प्रतिध्वनीतून परत येतो.

आणि डबल्स, म्हणजे त्याच ओळी पुन्हा म्हणून मुख्य आवाजाखाली ठेवलेले टेक! तिथे मात्र डी-एसर बेधडक दाबा. मुख्य टेकचा ‘स’ आणि डबलचा ‘स’ कधीच एका क्षणी पडत नाहीत, दोन्ही ठेवले तर ‘स्-स्’ असं अडखळतं. डबल एकटा बोबडा वाटेल, पण मुख्य आवाजाखाली कुणाला पत्ताही लागत नाही. मुख्य व्होकलवर नको असलेला तो प्रीसेट मी आता फक्त इथे वापरतो.

मिक्स झाला की फोनच्या स्पीकरवर, हळू आवाजात ऐका. शब्द कळले तर अपलोड करून टाका. बेस कुठे गेला म्हणून प्रोजेक्ट पुन्हा उघडू नका, त्या स्पीकरमध्ये बेस येतच नाही.